१२१० भंगारात द्यायची का? जुन्या ट्रकवाल्यांनो, जरा इकडे या

फुरसुंगीचा_नाना | रविवार, रात्री १०.१२

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या दारात टाटा १२१० उभी आहे, ८८ चं मॉडेल. अण्णांनी (वडील) घेतली तेव्हा चासी घेतली होती, म्हणजे तोंड, इंजिन आणि मागे नुसते दोन लोखंडी गर्डर. केबिन आणि हौदा आपला आपण बांधून घ्यायचा. चासी आणताना ड्रायव्हर उघड्यावर खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गॉगल लावून यायचा ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. अण्णा तसेच आले होते आणि आजीने म्हणे ओळखलंच नाही, भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहिली आणि विचारलं कोण पायजे.

पहिली वीसेक वर्षं मार्केट यार्डाची भाडी, कांदा, बटाटा, हंगामात कारखान्याचा ऊस, मध्येच विटा. २००९ ला हौदा उतरवून टाकी चढवली, तेव्हापासून सोसायट्यांना पाणी. आता फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं सर्टिफिकेट) संपत आलाय आणि भंगारवाला वजनावर दीड लाखाच्या आसपास देतो म्हणतोय. धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाक, जागा मोकळी होईल. माझा काही केल्या जीव होत नाहीये. या गाडीने आम्हाला रस्त्यावर झोपवलं नाही असं म्हणणार नाही, झोपवलंय, चांगलं पाचपन्नास वेळा, पण सकाळी स्वतःच्या चाकांवर घरी आणलंय. टोचन लावून (दुसऱ्या गाडीने ओढत) आलेली मी तरी एकदाच बघितली.

तर प्रश्न असा, की ठेवण्यात काही अर्थ आहे का, का मी उगाच भावनेच्या भरात आहे? आणि ज्यांनी अशा गाड्या चालवल्यात त्यांनी जरा लिहा.

पमी_बावधन | रविवार, रात्री १०.३०

आधी फोटो. मग सल्ला.
(आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला जो टँकर घरघरत येतो तो तुमचाच नाही ना? असेल तर भंगारात द्या :ड)

ऑइल_पान्हा | रविवार, रात्री ११.४७

देऊ नका!! निदान घाईने देऊ नका.

नाना तुमचं ते झोपवलंय पण घरी आणलंय हे वाक्य एक नंबर. लोक उगाच सांगतात जुन्या गाड्या बंद पडायच्या नाहीत. साफ खोटं. महिन्यातून काही ना काही निघायचंच. पाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) मेन पान तुट, सेंटर बोल्ट जा, जॉइंटचा क्रॉस कटकट करायला लाग, सेल्फ (स्टार्टर) अडक. फरक एवढाच की ती आधी आठ दिवस कुरकुर करून सांगायची, आणि झोपली तरी जिथे झोपली तिथे तुम्ही तिला उठवू शकत होता.

मी शाळा सोडून मामाच्या गाडीवर क्लीनर होतो, ९२-९३ ची गोष्ट. पुण्याहून सासवडला सिमेंटच्या दीडशे गोण्या. दिवे घाट आताच्यासारखा नव्हता, अरुंद, आणि रात्री गाडीच्या दिव्याएवढाच उजेड. अर्ध्या घाटात इंजिन उचक्या द्यायला लागलं आणि गप्प. मामा ब्रेकवर उभा, मी दगड घेऊन खाली उडी, मागच्या चाकाला लावला, मग दुसऱ्या बाजूला दुसरा. मामा खाली उतरला, पाइपवरून हात फिरवला आणि म्हणाला एअर घेतली. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपला बारीक चीर गेली होती, तिथून डिझेल बाहेर येत नव्हतं पण हवा आत ओढली जात होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळली, वरून तार पिळली. मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल केला आणि मला म्हणाला मार पंप. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) बाजूला हाताने दाबायची एक छोटी मुठी असते, ती दाबत राहायची. आधी नुसता फेस येतो, फसफस आवाज करत, मग फेस आणि डिझेल, मग एकदम स्वच्छ धार, एकही बुडबुडा नाही. तेव्हाच स्क्रू आवळायचा, आधी आवळला की सगळं परत पहिल्यापासून. माझा अंगठा सोलला होता. सेल्फ मारला, चार वेळा खोकली, पाचव्याला घेतली.

एक पान्हा, एक पक्कड, ट्यूबचा तुकडा. अर्ध्या तासात वर सासवडला. हाताला डिझेलचा वास तसाच, त्याच हाताने भाकरी खाल्ली. आणि ती ट्यूबची पट्टी पुढे दोन महिने तशीच होती, मामा म्हणायचा चालतंय ना, मग तिला कशाला दुखावायचं.

सरळ_बोलतो | सोमवार, सकाळी ८.०५

सकाळी सकाळी पाणी काढलंत डोळ्यांतून. आता जरा दुसरी बाजू.

"मागच्या चाकाला दगड लावला" हे तुम्ही कौतुकाने सांगताय. ती ब्रेक सिस्टीम नव्हे हो, तो दगड होता. त्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांना हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक, एक पाइप फुटला की पेडल थेट पत्र्याला. नंतर फुल एअर ब्रेक आले त्यात उलटी गंमत आहे, हवा गेली की आतली स्प्रिंग आपोआप ब्रेक धरते, गाडी जागेवर उभी. २०१५ पासून मोठ्या ट्रकना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. मी नऱ्ह्याला राहतो. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार काय आहे ते मला विचारा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली गाडी खाली काय करते ते मी गॅलरीतून बघितलंय, परत बघायची इच्छा नाही.

पॉवर स्टिअरिंग नाही, सीटबेल्ट नाही, केबिन लाकडाची. चार्म वगैरे ठीक आहे, पण चार्म मागच्या गाडीवाल्याने का सोसायचा?

ऑइल_पान्हा | सोमवार, सकाळी ८.४१

न्यूट्रल मारणारा नवीन गाडीत पण न्यूट्रलच मारतो साहेब. मामाचा नियम होता, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतरायचा. पण ब्रेकबद्दल बोललात ते बरोबर, तिथे वाद घालणार नाही. मी स्वतः दोनदा मेलो असतो.

टेल्कोवाले_काका | सोमवार, दुपारी १२.२०

रिटायर्ड माणूस आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे मोठा प्रतिसाद, हलकेच घ्या.

नाना, १२१० हा आकडा नुसता नंबर नाही. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, १२ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, दहाने गुणायची, साधारण शंभर अश्वशक्ती. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० च्या आसपास. १९८६ ला आली ती ४०७, चार टन आणि सत्तर. इंजिनाचंही तसंच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९७ म्हणजे सहा सिलिंडर ९७ चा बोअर, ४९७ म्हणजे चार सिलिंडर. पूर्वी गॅरेजच्या पोरांना हे तोंडपाठ असायचं, आता गाड्यांना इंग्रजी नावं देतात त्यातून काही कळत नाही.

या इंजिनांचं मूळ जर्मन. १९५४ ला टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार झाला, जमशेदपूरला गाड्या बनायला लागल्या, तेव्हा नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. १९६९ ला करार संपला, तारा गेला आणि टाटाचा टी आला. जुने ड्रायव्हर त्यानंतरही कित्येक वर्षं गाडीला मर्सिडीजच म्हणायचे. आपला पिंपरीचा कारखाना १९६६ चा, पण पुण्यातून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती थेट १९७७ ला. मधली वर्षं काय केलं? मशीन टूल, डाय, जिग (गाडीचे भाग बनवायची यंत्रं, साचे) आणि माणसं. टेल्कोचे प्रमुख मुळगावकर साहेबांचा हट्ट की आधी हत्यार बनवणारा तयार करायचा. (त्यांच्या सुमंत मुळगावकर या नावातूनच पुढे १९९४ च्या सुमोचं नाव आलं.) मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा पहिले कित्येक आठवडे नुसती कानस चालवली आहे. लोखंडाचा एक ठोकळा, तो घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. रडायला यायचं.

आता मुद्द्याचं. ६९७ टिकायचं का? त्याचं घनफळ ५६७५ सीसी, आणि त्यातून मागायचे किती तर शंभर-सव्वाशे घोडे. आज तेवढ्याच इंजिनातून टर्बो लावून दीडपट आणि वर काढतात. दहा किलो उचलू शकणाऱ्या माणसाला पाच किलो दिले तर तो म्हातारा होईपर्यंत उचलत राहील, त्यातलं आहे ते. शिवाय पंप पूर्ण मेकॅनिकल. एकदा चालू झालं की त्याला विजेची गरजच नाही, बॅटरी काढून बाजूला ठेवा, डिझेल आणि हवा मिळतेय तोवर चालत राहणार.

तुमच्या गाडीत ६९२ आहे की ६९७? ब्लॉकवर बघा आणि कळवा.

मुठाकाठची | सोमवार, दुपारी ३.०२

काका, त्या विजेची गरज नाही वरून आठवलं, हसून हसून मेलेय मी आत्ता ऑफिसात!

आमच्या घरी बाबांच्या दोन गाड्या होत्या, नाना पेठेतून मुंबईची भाडी. आत्याचा मुलगा मुंबईहून सुट्टीला आला होता, कॉलेजातला, मला पण गाडी चालवू द्या म्हणून मागे लागलेला. बाबांनी गल्लीच्या तोंडाशी दिली त्याच्या हातात. आणली त्याने बरोब्बर दारात, चावी काढली, खिशात टाकली आणि ऐटीत आत येऊन जेवायला बसला. गाडी बाहेर चालूच! बाबांनी विचारलं काय रे गाडी बंद नाही केलीस? हा चावी काढून दाखवतोय, ही काय केली की. बाहेर धडधड धडधड. हा परत गेला, चावी लावली, काढली, लावली, काढली, मग घाबरून बॉनेटकडे बघत उभा. शेजारचे आजोबा ओट्यावरून ओरडले, अरे नॉब ओढ नॉब! डॅशच्या खाली एक काळं बटण असतं ते ओढून धरायचं, त्याची तार पंपाचं डिझेल तोडते, तेव्हा इंजिन मरतं. चावी नुसती दिवे आणि सेल्फपुरती. आता तो अमेरिकेत आहे, पन्नाशीचा झालाय, अजून सगळे त्याला नॉब म्हणतात.

खंडेनवमीला दोन्ही गाड्या मुठेवर नेऊन धुवायच्या (तेव्हा चालायचं), झेंडूचे हार, बॉनेटवर स्वस्तिक, प्रत्येक चाकाखाली एक एक लिंबू. सहा चाकं, पण मागची जोडीजोडीने, म्हणून लिंबं चारच लागायची, आणि दरवर्षी आई सहा आणायची.

लेलँडप्रेमी | सोमवार, संध्या. ६.३३

सगळा धागा टाटामय झालाय म्हणून निषेध नोंदवतो. १९४८ ची अशोक मोटर्स, १९५५ पासून अशोक लेलँड, कॉमेट, बीव्हर, हिप्पो ही नावं घेतल्याशिवाय जुन्या ट्रकचा धागा पूर्ण होत नाही. काटकसर बघायची तर टाटा, ओझं बघायचं तर लेलँड. आमच्या काकांची कॉमेट बोर घाटात शिंग्रोबापाशी पोचेपर्यंत बाकीच्या गाड्यांची बॉनेटं उघडलेली असायची, रेडिएटरमधून वाफा, क्लीनर डबे घेऊन पाण्याला पळतायत, आणि काका देवळासमोर चालत्या गाडीतून नाणं टाकून पुढे. एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा.

ऑइल_पान्हा | सोमवार, संध्या. ६.५०

आणि त्याच कॉमेटचा स्पेअर पार्ट शोधत काका तीन दिवस नाना पेठेत, ते पण सांगा की :)
टाटाचा नट पानपट्टीवर पण मिळायचा. निम्मा भरवसा म्हणजे तेच तर होतं, गाडीत काय नाही ते रस्त्यावर मिळतंय.

चाकणचा_लॅपटॉप | सोमवार, रात्री ९.१८

मी नव्या गाड्यांवर काम करतो, डायग्नोस्टिक. कंपनीचं नाव घेत नाही, नोकरी आहे. दोन्ही बाजूंनी बोलतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहा (गाडीच्या धुरासाठीचा कडक नियम) आलं. त्यात धुराच्या वाटेवर आख्खा केमिकलचा कारखाना बसवलाय. काजळी पकडायला फिल्टर, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला युरियाचं पाणी फवारतात, ३२.५ टक्के युरिया बाकी शुद्ध पाणी. ते संपलं, किंवा कोणी शहाण्याने साधं पाणी ओतलं, किंवा सेन्सरला तसं नुसतं वाटलं, की गाडी आधी दिवा लावते मग ताकद कमी करते. गेल्या महिन्यात खेड शिवापूरला एक गाडी अशी रांगत रांगत टोलच्या अलीकडे उभी राहिली. ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पान्ह्यांची पिशवी उघडून बसलेला आणि त्याला उघडायला काही नव्हतंच. सकाळी सातला फोन, मी पोचलो अडीचला. एका कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. काढलं, पुसलं, फुंकलं, लावलं, लॅपटॉपवरून कोड पुसला. चार मिनिटं. तो म्हणाला साहेब हे तर मी पण केलं असतं. मी म्हणालो केलं असतंस, पण कुठला कनेक्टर ते गाडीने तुला सांगितलं नसतं, ती फक्त मला सांगते. नंतर गाडीत बसल्यावर मलाच ते वाक्य कसंतरी वाटलं.

पण हेही ऐका. त्याच ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी होता, स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. आणि नानांच्या १२१० च्या मागे स्कूटरवर मगरपट्ट्याच्या सिग्नलला उभं राहून बघा एकदा, लाल दिवा हिरवा होताना.

सरळ_बोलतो | सोमवार, रात्री ९.३१

शेवटच्या वाक्याला +१०००

पेठेतला_रंगारी | मंगळवार, सकाळी ११.१५

ट्रकचा चार्म म्हणताय आणि रंगाबद्दल एकानेही लिहिलं नाही?

वडील भवानी पेठेत गाड्या रंगवायचे, मी अठरा वर्षांचा होईपर्यंत हाताखाली. नवी बॉडी सुतार-लोहाराकडून आली की अस्तर मारायचं, घासायचं, मग रंग. अक्षरं काढायच्या आधी खडूत बुडवलेली दोरी दोन टोकांना धरून मध्ये ओढून सोडायची, टण्ण, की सरळ रेघ उमटते. त्या दोन रेघांत अक्षर. सावली नेहमी उजवीकडे आणि खाली, कारण वडिलांच्या मते सूर्य डावीकडूनच उगवतो. मागच्या फाळक्यावर मालकाच्या आवडीप्रमाणे, कोणाला आईचा आशीर्वाद, कोणाला जय मल्हार, कोणाला मोर, कोणाला सूर्यास्त आणि नारळाची दोन झाडं, मालक लातूरचा असला तरी नारळच. दारावर मात्र आरटीओचा मजकूर, रिकामं वजन किती भरलेलं किती, तिथे कलाकुसर चालायची नाही. हॉर्न ओके प्लीज तर दर गाडीला, २०१५ ला महाराष्ट्रात त्याला बंदी आली, तोवर वडिलांनी ब्रश ठेवला होता. ते म्हणाले बरं झालं, मला त्याचा अर्थ कधी कळलाच नव्हता.

आता स्टिकर येतात. सूर्य कुठूनही उगवतो.

नाना, टाकीवर काय लिहिलंय तुमच्या?

फुरसुंगीचा_नाना | मंगळवार, रात्री १०.०५

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

रंगारी: एका बाजूला पिण्याचे पाणी, दुसऱ्या बाजूचं पुसलंय, आता फक्त णी दिसतं.

काका: ब्लॉकवर ६९७ आहे. अण्णा म्हणाले मूळ ६९२ होतं, ते ९६ ला ऊस भरून येताना पाटसजवळ बसलं, मग ६९७ टाकलं.

आता गंमत. कालपासून हा सगळा धागा अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं डोळे भरून येतील वगैरे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही सगळी लिहिणारी मंडळी गाडीत बसलेली आहेत, चालवलेली किती? मग म्हणाले मे महिन्यात सोलापूर रोडला भर दुपारी केबिनमध्ये बसून बघ. इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून, वरचा पत्रा तापलेला, खालचा पण तापलेला. पायाखाली ओलं पोतं टाकायचो ते भिगवणला पोचेपर्यंत वाळायचं. स्टिअरिंगला लटकून लटकून खांद्याची वाटी गेली, कमरेत पट्टा आहे तो या गाडीनेच दिलाय, आणि डावा कान सांगायलाच नको. भरवशाची होती, होतीच, पण भरवसा काय फुकट मिळतो? तिला जे कमी पडायचं ते मी घालायचो.

आणि वर म्हणाले, विकायची तर माझ्यादेखत विक, मला बघायचंय तो काट्यावर वजन बरोबर करतोय का.

म्हणजे ज्यांच्यासाठी मी अडून बसलो होतो ते केव्हाच मोकळे झालेत आणि मीच अडकलोय.

मुठाकाठची | मंगळवार, रात्री १०.२२

अण्णांना साष्टांग नमस्कार _/\_
बाबांच्या कमरेचं पण हेच. आणि बाबांना रात्री झोपेत डावा पाय हलायची सवय होती, आई म्हणायची क्लच मारतायत.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९.४४

भावना बाजूला ठेवून हिशेब. पंधरा वर्षांवरच्या मोठ्या गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार केली होती, त्याआधी दीड हजारांत काम व्हायचं. नंतरचे आकडे आरटीओतच जाऊन विचारा, एजंटला विचारू नका. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी तपासणी, त्यात विमा, रंग, पाटे, टायर धरा. पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात जाते असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते आपल्याकडे खाजगी मालकाला लागू नाही, १ एप्रिल २०२३ पासून ते सरकारी मालकीच्या गाड्यांना लागू झालं, दिल्लीचे नियम वेगळे. तुम्ही फिटनेस पास करत राहिलात तर चालवू शकता.

द्यायचीच तर नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला द्या, तिथे सर्टिफिकेट मिळतं आणि नवीन घेताना त्याचा उपयोग होतो. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत आणि आरसी (गाडीची नोंदणी) रद्द केली नाहीत तर गाडी मेल्यावर पण चलन तुमच्या नावावर येत राहील.

टँकरचं उत्पन्न किती, खेपा किती ते लिहा, मग बोलू.

ऑइल_पान्हा | बुधवार, सकाळी १०.०२

घ्या, आले. आता एक्सेल शीट पण येईल.

कसब्याचा_ढोल | बुधवार, रात्री ११.३०

नाना, फुरसुंगी, निळी केबिन, टाकीवर णी. अहो ही आमची गाडी! म्हणजे तुमचीच, पण विसर्जनाची. टाकी उतरवून फळ्या टाकून तीन वर्षं तुम्ही दिली होती की.

धाग्यावर कोणाला माहीत नसेल म्हणून सांगतो, मिरवणुकीला या गाड्या का लागतात. मधल्या वर्षी आम्ही एक नवी गाडी आणली होती. ड्रायव्हर बिचारा बारा तास क्लच दाब-सोड, प्रत्येक वेळी गाडी हिसका देणार आणि वर मूर्ती डुलणार, आम्ही सगळे दोन्ही हात वर करून. नानांच्या गाडीला पहिला गिअर टाकायचा आणि दोन्ही पाय उचलून घ्यायचे. पंपाला गव्हर्नर असतो तो आयडलचा वेग धरून ठेवतो, चढ आला तर स्वतःच थोडं डिझेल वाढवतो, उतार आला तर कमी. बैलासारखी चालते, पथकाच्या पुढे ना मागे. लक्ष्मी रोडला रात्री तीन वाजता पथक दमलेलं, आम्ही दमलेलो, पोलीस दमलेले, हिचा ठेका तोच.

यंदा पण तुमचीच धरून चाललोय हां आम्ही. चतुर्दशीच्या आधी काही करू नका, पाया पडतो.

सरळ_बोलतो | गुरुवार, सकाळी ७.५०

ताशी दोन किलोमीटर वेगाला माझी हरकत नाही. त्या वेगाला दगड पण पुरतो.

फुरसुंगीचा_नाना | रविवार, रात्री ९.१५

अपडेट.

ढोलवाल्यांचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले गणपती होऊ दे. भावाला फोन करून त्यांनीच सांगितलं, मला सांगायची वेळ आली नाही. पाण्याच्या खेपा मात्र बंद, त्यासाठी भाऊ सेकंडहँड बघतोय, एअर ब्रेकवालीच, सरळ_बोलतो साहेबांनी तेवढं काम केलं. हिशेबनीस, शीट पाठवा, चतुर्दशीनंतर बघतो.

आज सकाळी गाडी चालू करायला गेलो. दीड महिना उभी होती, अर्थात एअर. ऑइल_पान्हांचा प्रतिसाद मोबाईलवर उघडून मडगार्डवर ठेवला आणि मुठी मारायला बसलो. फेस काही थांबेना. अर्धा तास झाला, अंगठा माझाही सोलला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, चहा पीत, एक शब्द नाही. शेवटी म्हणाले, मुठीतला वायसरच गेलाय, ती बाहेरची हवा आत घेतेय, तू गावभरची एअर भरतोयस तिच्यात. म्हटलं आधी का नाही सांगितलं? म्हणाले तू मोबाईलला विचारत होतास.

तर आता कामाचं. फीड पंपाच्या हँड प्रायमरची ओरिजनल मुठी पुण्यात कुठे मिळेल? नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, तिघांनीही डुप्लिकेट दाखवली आणि तिघांनीही ओरिजनल म्हणून. कोणाकडे जुनी पडून असेल तरी चालेल, वायसर मी टाकून घेईन.

ऑइल_पान्हा | रविवार, रात्री ९.२२

माझ्याकडे मामाची आहे, पेटीत. उद्या दुपारी दोननंतर हडपसरला गाडीतळावर या, येताना एक पान्हा आणा, माझा हरवलाय.